तार ऐकणारे मालक

प्रिय अर्णव आणि सई,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर सईने मला तिची सायकल दाखवली. मागच्या चाकाच्या एक-दोन तारा तुटल्या म्हणून दुकानदाराने अख्खं चाकच बदलून दिलं आणि जुनं कचऱ्यात टाकलं, असं ती अगदी सहज म्हणाली. कॉलवर मला नीट बोलता येत नाही. माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तुमच्याकडे कोणीतरी दार वाजवतं. पण फोन ठेवल्यावर मला पावण्याचे आमचे घरमालक आठवले आणि दिवसभर आठवतच राहिले. त्यांच्याबद्दल तुम्हाला कधीतरी सांगायचं होतंच. तुमचं मराठी वाचन अजून चांगलं आहे आणि माझी स्मरणशक्तीही, तोवर लिहून टाकते.

आमची वाशीची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा मी शाळेतून रिटायर झाले होते. तुमच्या आजोबांचं लेथचं वर्कशॉप पावण्याच्या एमआयडीसीत होतं, म्हणून आम्ही तिथल्या गावातच भाड्याने राहायला गेलो. पावणे म्हटलं की लोकांना कारखाने, ट्रक आणि केमिकलचा वास आठवतो. पण त्या सगळ्याच्या मधोमध जुनं गाव आहे. तिथे देऊळ आहे, तळं आहे, संध्याकाळी ओट्यांवर गप्पा मारत बसलेल्या बायका आहेत. आमचं घर पहिल्या मजल्यावर होतं. खाली मालकांचं घर आणि रस्त्याच्या बाजूला त्यांचं सायकलचं दुकान. बिल्डरने सांगितलेली मुदत पुन्हा पुन्हा पुढे गेली, म्हणून आमचा मुक्कामही लांबला. त्याचं मला वाईट वाटत नाही.

मालक जन्माने त्याच गावातले आगरी. तरुणपणी ते तार ओढण्याच्या कारखान्यात होते. जाड सळई यंत्रातून ओढून ओढून बारीक तार करायची, ते काम. कारखाना बंद पडला आणि त्यांनी दुकान टाकलं. पंक्चर ते काढायचेच नाहीत. "पंक्चर कोनपन काढेल," असं म्हणून गिऱ्हाइकाला नाक्यावरच्या दुकानाचा पत्ता द्यायचे. ते फक्त चाकं बांधायचे. रिकामी रिम, मधला हब आणि मूठभर तारा घेऊन बसायचे आणि त्यातून चाक उभं करायचे. ज्याला तुम्ही स्पोक म्हणता त्याला ते तार म्हणत, आणि तार निवडणं ही त्यांच्या मते या जगातली सगळ्यात अवघड निवड होती. "बायको चुकली तर मानूस निभावून नेतो," असं ते बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे. "तार चुकली तर तोंडावर आपटतो." आतून उत्तर यायचं, "आपटलेला मानूस रोज जेवायला बरोबर वेलेवर येतो."

दुकानासमोर कडाप्प्याची एक लादी बसवलेली होती. नवीन तारांचा गठ्ठा आला की मालक एकेक तार तिच्यावर टाकायचे आणि मान तिरकी करून आवाज ऐकायचे. जी नीट वाजायची ती आत. जी त्यांच्या भाषेत "सर्दी झालेली" असायची ती बाहेर. बाहेर पडलेल्या तारा वाया मात्र जात नसत. त्यांच्या घरात कपड्यांचे हँगर, उदबत्तीचं घर, पडद्याची दांडी, टोमॅटोच्या रोपाचा आधार, सगळं नापास तारांचं होतं. मालकीणबाई सुके बोंबील त्याच तारांत ओवून निखाऱ्यावर भाजायच्या. आम्ही शाकाहारी, पण वास जिन्यावरून वर येताना परवानगी मागत नाही.

चाक ताणायची, म्हणजे त्याच्या तारा घट्ट करायची वेळ आली की मालक अंगातला बनियन बदलून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे, बाह्या मनगटापर्यंत बटण लावलेल्या. मग तारा छेडून त्यांचा सूर जुळवायचे. त्या वेळी त्यांना शांतता लागायची. रेडिओ बंद, पंखा बंद. एकदा तर वर येऊन त्यांनी आमचं दार वाजवलं.

"टीचरबाय, तुमचा कुकर बंद करा."

"का? काय झालं?"

"तो वेगल्या सुरात बोलतो. माझी तार बिघडते."

मी आयुष्यभर घड्याळावर स्वयंपाक केलेली बाई. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की आमची डाळ त्यांच्या चाकासाठी कच्ची राहणार नाही. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "मंग शिट्ट्या झाल्या की खाली हाक मारा. मी थांबतो." त्या दिवसापासून आमचा कुकर उतरला की मी जिन्यातून "झालं" म्हणून ओरडायची आणि खाली तारा वाजायला लागायच्या. तुमचे आजोबा म्हणायचे की या घरात आपल्या डाळीला पार्श्वसंगीत आहे.

तार निवडण्याआधी मालक गिऱ्हाइकाची मुलाखत घेत. दुकानात एक लोखंडी स्टूल होतं. त्यावर बसल्याशिवाय चाकाचा विषय निघत नसे. सायकलवर चढताना उडी मारतोस का? खड्डा दिसला तर चुकवतोस की अंगावर घेतोस? कॅरिअरवर काय असतं? बायको बसते का? एका बाजूला पाय सोडून बसते का दोन्हीकडे? दूधवाल्याची तार वेगळी, बर्फ नेणाऱ्याची वेगळी, कंपनीत डबा घेऊन जाणाऱ्या वॉचमनची वेगळी. कोणी उत्तर द्यायला कंटाळला तर त्याला चाक मिळायचं नाही. "ज्याला आपन कसं चालतो ते ठाऊक नाय, त्याला मी काय बांधून देऊ?"

एकदा नेरुळहून एक डॉक्टर आले. रविवारी पाम बीच रोडवर घट्ट कपडे घालून सायकल चालवणारे जे लोक असतात ना, त्यांच्यातले. माणूस हसरा होता. मी तेव्हा खाली वाणसामानाची पिशवी घेऊन उभी होते, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं.

"वजन?" मालकांनी विचारलं.

"सत्तर."

मालकांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे सकालचं सांगताय. जेवन झाल्यावरचं सांगा."

"पंच्याहत्तर धरा."

"गनपतीत?"

डॉक्टर हसले. "ऐंशी."

"आता आलात ठिकानावर."

डॉक्टरांना खास तारा हव्या होत्या. दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये बारीक. त्या हलक्या असतात, असं ते म्हणाले. मालकांनी हातातला पाना खाली ठेवला. "डाएटवाली तार माझ्या दुकानात शिरत नाय. वजन कमी करायचंय तर तुमी भात सोडा. तारेला कशाला उपाशी ठेवता?" शेवटी डॉक्टरांनी साध्या तारांचं चाक बांधून घेतलं आणि खूश होऊन गेले. मालक मात्र पुढचे कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला उपाशी तारांची गोष्ट सांगत होते. नम्रपणा हा त्यांचा गुण नव्हता. आपल्यासारखं चाक ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर कोणी बांधत नाही, हे ते देवाची शपथ न घेता सांगत, कारण शपथ घ्यावी इतकी त्यांना त्यात शंकाच नव्हती.

आता मालकीणबाईंबद्दल सांगायला हवं. त्या गावच्या बाजारात मासळी विकायच्या. त्यांच्या आईने जिथे बसून विकली, त्याच ओट्यावर. आवाज असा की भाव ऐकून गिऱ्हाईक आपोआप पाकीट काढायचं. मग त्यांना साखरेचा त्रास झाला, पायाची जखम चिघळली आणि गुडघ्याखालून पाय काढावा लागला. त्या हॉस्पिटलमधून घरी आल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "नारली पुनवेला किती दिवस हायत?"

त्याला कारण होतं. पावसाळ्यात होड्या बंद असतात, बाजार थंड असतो. नारळी पौर्णिमा झाली की होड्या निघतात आणि मग मोठा बाजार भरतो. त्या गावची रीत अशी की त्या पहिल्या बाजाराला जी बाई ज्या ओट्यावर स्वतः बसेल, तिचा तो ओटा वर्षभर. कोणी आजारी असेल तर सून बसू शकते, पण मग ओटा सुनेचा. मालकीणबाईंची सून बँकेत होती आणि तिला मासळी कापताही येत नव्हती. शेजारच्या ओट्यावरची बाई मात्र पावसाळ्यातच आपली पाटी हळूहळू इकडे सरकवत होती.

मुलगा म्हणाला, "आई, गाडीतून नेतो, उचलून बसवतो. त्यात काय?"

"उचलून बसवलेल्या बाईला कोन भाव देतो?" त्या म्हणाल्या. "मी माझी जानार. नायतर नाय जानार."

मुलाने चांगली व्हीलचेअर आणली. पण ती हॉस्पिटलच्या गुळगुळीत फरशीसाठी केलेली. गावातले पेव्हर ब्लॉक, देवळाजवळचं उघडं गटार आणि बाजाराकडचा चढ, यांच्यापुढे तिची चाकं पहिल्या आठवड्यातच वाकडी झाली. मालक ती पाहून मनातून खूश झाले असावेत. "याला चाक म्हनतात?" असं म्हणून त्यांनी ती काढून फेकली आणि लहान सायकलच्या, पण त्या चाकांपेक्षा मोठ्या आणि मजबूत रिम आणल्या. खुर्चीचं चाक एकाच बाजूने धरलेलं असतं, त्यामुळे सायकलचा हब चालत नाही. तो तुमच्या आजोबांनी लेथवर करून दिला. तारा मालकांनी निवडल्या. दुकानात होत्या त्यातल्या सगळ्यात जाड, बर्फाच्या सायकलींना घालायच्या त्या. कडाप्प्यावर त्या घंटेसारख्या वाजत होत्या. "हत्ती बसला तरी काय होनार नाय," मालक म्हणाले. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

मालकीणबाई त्या खुर्चीत बसून गल्लीत सराव करू लागल्या. दोन दिवस गेले आणि एक तार हबजवळच्या वाकणात टक्‌कन तुटली. मालकांनी दुसरी घातली. मग दुसऱ्या चाकाची तुटली. मग दोन एकदम. मालकांच्या चाकाची तार तुटलेली मी तोपर्यंत कधी पाहिली नव्हती, आणि त्यांनीही नसावी. ते तुटलेला तुकडा हातात घेऊन दारात बसून राहायचे. तारेला दोष द्यायचे, गटाराला द्यायचे, ग्रामपंचायत गेली आणि महापालिका आली त्या दिवसाला द्यायचे. अजून जाड तार कुठे मिळते याची चौकशी करायला ते तुर्भ्यापर्यंत जाऊन आले. इकडे पौर्णिमा आठवड्यावर आली होती.

एके दिवशी सकाळी मी दुकानावरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली मालकीणबाई वॉकर टेकत टेकत घरातून दुकानात आल्या आणि सरळ लोखंडी स्टुलावर बसल्या.

"काय गो, इथं काय?" मालक म्हणाले.

"गिऱ्हाईक हाय. विचारा."

"काय विचारू?"

"सगल्यांना विचारता ते."

"अगो, तुला काय मी ओलखत नाय? चालीस वर्सं झाली."

"ओलखता म्हनूनच तुटतात. दूधवाल्याला तासभर बसवून विचारता, बायको कशी बसते, पाय कुठं सोडते. मला एक शब्द विचारला नाय. बर्फाच्या सायकलीची तार घातलीत. मी काय बर्फाची लादी हाय?"

मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिले. मालक उठले. मग आत गेले. मला वाटलं रागावले. ते परत आले तेव्हा अंगात पांढरा शर्ट होता. त्यांनी समोर पाट ओढला, त्यावर बसले आणि विचारलं, "जोर कुठल्या हाताचा जास्त?"

"उजव्या. कोयता याच हातानं चालवला ना."

"थांबवतेस कशी?"

"हातानं दाबून."

"रस्त्यात कोनी हाक मारली तर?"

"वलते."

"कशी वलतेस?"

"एक चाक धरून ठेवते, दुसरं फिरवते."

"जागच्या जागी? गरागरा?"

"मंग काय मान वाकडी करून बोलू? मला समोर तोंड करून भांडायची सवय हाय."

"आन् एका भांडनात किती वेला वलतेस?"

"ते समोरची बाई किती बोलते त्याच्यावर हाय."

मालकांनी डोळे मिटले. नंतर त्यांनी आजोबांना जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. सायकल पुढे जाते आणि वळताना स्वतःच कलते, त्यामुळे तिच्या चाकावर भार उभा येतो. खुर्ची कलत नाही. जागच्या जागी गर्रकन वळली की चाकाला आडवा पीळ बसतो. जाड तार त्या वेळी जरासुद्धा ताणली जात नाही. ती क्षणभर सैल पडते, मग पुन्हा झटका खाते, आणि असे झटके खाऊन वाकणात मोडते. मालकांचे शब्द असे होते: "जाड तार माजोरी असते. स्वतः लवत नाय आन् शेजारनीला भार देत नाय. बर्फ ठेवला की गप बसतो, त्याला चालतं. ही गप बसत नाय." लवणारी तार हवी होती. वाकणापाशी जाड, मध्ये बारीक.

म्हणजे डाएटवाली.

मालकांनी डॉक्टरांना फोन केला. दुकानाच्या आत, दार ओढून घेऊन केला, पण त्यांच्या आवाजाला दार पुरत नसे. "तुमच्या त्या तारा पायजेत," असं ते तीनदा म्हणाले, कारण पहिल्या दोन वेळा पलीकडून नुसतं हसू येत होतं. मग डॉक्टरांनी काय विचारलं ते मालकांनीच आम्हाला नंतर सांगितलं, आणि सांगताना त्यांना ते आवडलं होतं असं वाटलं. डॉक्टर म्हणाले, "बाईंचं वजन सांगा. जेवण झाल्यावरचं."

योग्य लांबीच्या तारा डॉक्टरांनी मागवल्या आणि स्वतः आणून दिल्या. स्टेनलेस स्टीलच्या होत्या, म्हणजे खारी हवा आणि मासळीचं पाणी दोन्ही सोसणाऱ्या. मालकांनी पहिली तार कडाप्प्यावर टाकली. तिचा आवाज जाड तारेसारखा ठणठणीत नव्हता, बारीक आणि लांब होता. त्यांनी पुन्हा टाकली. तिसऱ्यांदा टाकून म्हणाले, "गाते."

ज्या दिवशी चाकं ताणायची होती त्या दिवशी मी कुकर लावलाच नाही. आम्ही पाव आणि चटणी खाल्ली. खाली गल्लीत कोणीही हॉर्न वाजवला नाही, कारण मालकीणबाई दारात बसून येणाऱ्या प्रत्येक रिक्षावाल्याकडे बघत होत्या. उजवं चाक मालकांनी डाव्यापेक्षा किंचित घट्ट केलं, बाईंच्या उजव्या हाताच्या जोरासाठी. शेवटी मालक बाहेर आले, बायकोला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "आता भांड माझ्याशी."

मालकीणबाईंनी ते मनापासून केलं. इतके दिवस साठलेलं सगळं बोलून घेतलं. डावीकडे वळल्या, उजवीकडे वळल्या, जागच्या जागी गिरक्या घेतल्या. मालक चाकाशी कान लावून उकिडवे बसले होते आणि काय बोललं जातंय तिकडे त्यांचं अजिबात लक्ष नव्हतं. एकही तार कुरकुरली नाही.

पहिल्या बाजाराच्या सकाळी मी आणि आजोबा दोघंही गेलो. मालकीणबाईंनी हिरवं लुगडं नेसलं होतं, केसात अबोलीचा गजरा होता, मांडीवर कोयता आणि पाट. मुलाने ढकलायला हात लावला तर त्यांनी तो झटकला. मालक दहा पावलं मागे, पांढऱ्या शर्टात, मान तिरकी करून चालत होते. देवळाजवळच्या गटारावरून जाताना खुर्ची एका चाकावर कलली. आमच्या मागे कोणीतरी "गेली" म्हणालं. खुर्ची सरळ झाली. चढावर त्या एकदा थांबल्या, हात पदराला पुसले आणि पुन्हा निघाल्या. वर पोचेपर्यंत बाजारातल्या बायका उभ्या राहून बघत होत्या.

ओट्यावर शेजारणीची पाटी होती, पापलेटांनी भरलेली.

"उचल गो," मालकीणबाई म्हणाल्या. "बसायचंय मला."

"अगो, मला वाटलं तू येत नाय आता."

"तुला वाटलं म्हनून काय झालं? पाय काढला, ओटा नाय काढला."

शेजारणीने पाटी उचलली. मोठ्या चाकांमुळे खुर्चीची बैठक ओट्याच्या उंचीला आली होती; मालकीणबाई हातांवर जोर देऊन सरकल्या आणि आपल्या जागी बसल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती तसली जागा नाही. पण पहिल्या गिऱ्हाइकाने भाव कमी करायला सांगितला आणि त्यांनी जे उत्तर दिलं त्यावर सगळा बाजार हसला, आणि मला कळलं की झालं. मालक गर्दीतून पुढे येऊन ओट्यासमोर उभे राहिले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं.

"काय पायजे?" बाईंनी विचारलं.

"काय नाय. बघतो."

"बघायचं तर बाजूला उभे राहा. गिऱ्हाईक थांबलंय."

मालक बाजूला उभे राहिले. दुपारपर्यंत तिथेच होते. मी त्यांना इतकं आनंदात पुन्हा कधी पाहिलं नाही.

पुढे ही गोष्ट त्यांनी शेकडो वेळा सांगितली आणि प्रत्येक वेळी तो चढ थोडा वाढत गेला. स्टुलावर बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकावी लागायची. "तार मी निवडली," असं म्हणून ते थांबायचे, आणि आतून आवाज यायचा, "निवडली मी. बांधली तुमी." यावर दोघांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. गावातून, ऐरोलीहून, पनवेलहूनही लोक खुर्च्या घेऊन येऊ लागले. मालक त्यांना पहिला प्रश्न विचारायचे, "भांडता का?" नाही म्हणणाऱ्यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही.

मालक दोन वर्षांपूर्वी गेले. शांतपणे, दुपारच्या झोपेत. दुकानाच्या जागेत आता मोबाईल रिपेअरिंग आहे. वाशीचं घर विकून आम्ही आता खांदेश्वरला राहतो. पावण्याला अधूनमधून जाऊन येतो. मागच्या महिन्यात गेलो होतो. मालकीणबाई ओट्यावर बसतात, रोज स्वतःच्या हाताने चाक फिरवत येतात, आणि शेजारणीशी भांडतात. खुर्चीची बैठक बदलली आहे, टायर अनेकदा बदलले आहेत. तारा त्याच आहेत. एकही तुटलेली नाही.

तुमची,
आजी